कुठवर आलं? : खेड्यात वाचनाची बैठक बसवताना

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीहून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव आहे, आणि त्यातला शेवटचा अर्धा रस्ता नुसते खड्डे. स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी वाचत बसतो. तीन उन्हाळ्यांपूर्वी असाच पानिपतावरचा एक ठोकळा उघडून बसलो होतो. सातबाऱ्याची प्रत काढायला आलेले एक फौजी काका काउंटरवर वाकले, पुस्तकाची जाडी बघितली आणि म्हणाले, "कुठवर आलं?"

"बुराडी घाटावर आलो."

"मंग दत्ताजी गेला असंन," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं. सातबारा मशीनवरच राहिला.

काकांनी ते पुस्तक नोकरीत असताना वाचलं होतं. निवृत्त होऊन गावात आल्यापासून त्यावर बोलायला त्यांना एक माणूस मिळाला नव्हता, आणि त्यांचं घर माझ्यापासून चार घरं सोडून. आज आमच्या बैठकीला दहा-पंधरा जण असतात. सध्या कोण काय वाचतंय ते सांगायचं, एवढंच तिथं चालतं. पण ती बसवताना करता येतील तेवढ्या चुका मी केल्या. आजूबाजूच्या गावांतून दुकानावर येऊन लोक विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

१. उद्घाटन करू नका

मी केलं होतं. बॅनर छापला, सरपंचांना बोलावलं, नारळ फोडला, चार जणांची वाचनाच्या महत्त्वावर भाषणं झाली. सत्तर माणसं आली, आलुपोहे संपले, आणि दीड तासात एकाही पुस्तकाचं नाव निघालं नाही. पुढच्या रविवारी मी, फौजी काका आणि काकांचा कुत्रा.

बॅनरचा धंदा माझाच आहे, तरी सांगतो, बॅनर नको. उद्घाटन झालं की तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रमाला माणूस एकदाच येतो.

२. माणसं हेरा

सुरुवातीला चार जण पुरतात. पण "तुम्ही वाचता का?" असं विचारू नका. या प्रश्नाला गावात उत्तर "नाई बाप्पा, कुठं वेळ हाय" हेच मिळतं. आपण वाचतो ते वाचन या शब्दात बसत नाही, असं लोकांना वाटतं. रहस्यकथा वाचणारा स्वतःला वाचक म्हणवत नाही. दरवर्षी श्रावणात पोथी लावणाऱ्या आजी म्हणवत नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दिवसभर पुस्तकात डोकं घालून असतात, तीही म्हणवत नाहीत.

मी मग विचारण्याऐवजी बघायला लागलो. मुक्कामी एसटीचे कंडक्टरभाऊ रात्री गाडीत दिवा लावून काय धरून बसतात? रद्दीवाल्याकडून दिवाळी अंक कोण उचलतं? किराणा दुकानात पुड्याचा कागद सोडवून वाचत उभा राहणारा माणूस तर हमखास आपला. अशा माणसाला एकच प्रश्न विचारायचा, "कुठवर आलं?" त्यात परीक्षा नसते. पुस्तक संपलेलं असायची अट नसते.

३. जागा, वेळ आणि लाइन

जागेवरून आमचे सहा महिने वाया गेले. पहिल्यांदा पारावर बसायचो, रात्री आठला. एकही बाई आली नाही, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. अंगणवाडीतल्या वहिनी एक दिवस प्रती काढायला आल्या तेव्हा त्यांनीच सुनावलं, "भाऊ, पारावर कोन येईन? शाळेच्या वऱ्हांड्यात बसा, अन् पाचला बसा. सैपाकाच्या टायमाले बसता अन् म्हनता बाया येत नाईत." आम्ही शाळेत गेलो, आणि पुढच्याच बैठकीला चार जणी आल्या.

कुणाच्या ओट्यावर बसता त्यावर कोण येणार आणि कोण येणार नाही हे ठरतं. गावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जिल्हा परिषद शाळेचा वऱ्हांडा, सार्वजनिक वाचनालय, ग्रामपंचायतीचा हॉल, यांतलं काहीतरी बघा. त्यासाठी एक साधा अर्ज लागतो : कोण, कोणता वार, किती ते किती, शुल्क घेणार नाही, साफसफाई आम्ही करू. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयात "आलाच नाही" असं दोन महिन्यांनी कळलं. पोच नव्हती, मग भांडणार कशावर?

वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळा. रब्बीत आणखी एक गोष्ट बघा : या आठवड्यात शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, दिवसाची आहे की रात्रीची. रात्रीची असेल तर माणसं संध्याकाळी झोप काढतात आणि रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात असतात. त्यांना बैठकीचा निरोप पाठवणं म्हणजे चेष्टा. एप्रिल-मेमध्ये पाचलाही ऊन चटके देतं, तेव्हा साडेसहाला, उघड्यावर.

४. सामान

एक सतरंजी. एक दोनशे पानी वही. ब्राउन पेपर, खडू, जाड पेन. चार्ज केलेला दिवा, कारण आपली लाइन नेमकी खुनी सापडायच्या वेळी जाते. मूठभर तूर आणि मूठभर सोयाबीन (कशाला ते पुढं येतंच). माइक अजिबात आणू नका. हातात माइक आला की चांगला माणूस भाषण करायला लागतो.

५. बोलायचं कसं

नवा माणूस इथंच अडतो. त्याला शाळेतलं "लेखकाला काय सांगायचे आहे" आठवतं आणि घाम फुटतो. आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत : पुस्तकाचं नाव, मी कुठवर आलो, त्यातला एक प्रसंग, आणि ते कुणाला आवडेल. पाच मिनिटं. सार सांगायचं नाही, बोध काढायचा नाही.

प्रसंग एकच, पण तो धरून सांगायचा. एका वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्या नारायण धारपांची भयकथा वाचत होत्या. त्यांनी कथा सांगितलीच नाही. "काल रात्री वाचून रायली होती," त्या म्हणाल्या, "अन् मांजरीनं दुधाचं गंज पाडलं. मी उठली नाई. सारं दूध गेलं, पन मी काई उठली नाई." दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मागायला तीन घरांतून माणसं आली.

अर्धवट सोडलेलं पुस्तकही सांगू द्या, का सोडलं त्यासकट. आमच्या वहीत त्यासाठी वेगळं पान आहे आणि सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच. कुणाला चाळीस पानांत सत्तावीस पात्रं झेपली नाहीत, कुणाला अक्षर बारीक वाटलं. एकानं सोडलेलं पुस्तक दुसरा मुद्दाम उचलतो, हा तर ठरलेला खेळ.

वाईट वक्त्याला थांबवायचं कसं, हा प्रश्न येईलच. आमच्याकडे एक गुरुजी पाचची पंचवीस मिनिटं करायचे. आता त्यांच्याकडेच घड्याळ दिलंय.

६. लढायांची पुस्तकं : नकाशा आधी, अभिमान नंतर

आमच्या बैठकीत निम्मे लोक लढायांचं वाचतात, म्हणून इथं जरा थांबतो.

लष्करी इतिहास नव्या माणसाच्या हातातून गळतो तो दोन कारणांनी. एक, नकाशा कळत नाही. दोन, माणसांचे आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत. कंपनी, बटालियन, ब्रिगेड हे शब्द सरसकट "सैन्य" म्हणून वाचले की सगळी लढाई धुरळा होते. फौजी काकांनी पहिल्याच दिवशी वहीत लिहून दिलं : कंपनी म्हणजे साधारण १२० जवान, बटालियन म्हणजे साधारण ८००. मग चीनशी झालेल्या युद्धात, १८ नोव्हेंबर १९६२ ला, लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीत मेजर शैतान सिंगांची एकच कंपनी होती, हे वाक्य वाचल्यावर पोरं गप्प झाली. आपल्या शाळेचा पटही त्याहून मोठा आहे.

नकाशाला तूर आणि सोयाबीन. आम्ही सुरुवात घराजवळून केली आणि तुम्हीही तसंच करा. अंजनगावला आम्ही बाजाराला जातो, पण ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो सुर्जी-अंजनगावचा, हे गावात फार थोड्यांना माहीत होतं. त्याच्या महिनाभर आधी, २९ नोव्हेंबरला, अडगावची लढाई झाली. ते अडगाव आज अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडं येतं. आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. एका महिन्यात वऱ्हाडाचा नकाशा फिरला, आणि आम्ही शाळेत शिकलो ते प्लासीबद्दल.

गाविलगडाचा नकाशा आम्ही वऱ्हांड्यात ब्राउन पेपरवर काढला. बाहेरचा कोट, आतला कोट, मधली दरी. भोसल्यांचे लोक म्हणजे तूर, इंग्रज म्हणजे सोयाबीन, तोफा म्हणजे खडूचे तुकडे. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेला आणि त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन उत्तरेला. प्रश्न असा पडला की जड तोफा घेऊन चार-पाच दिवस डोंगरातून रस्ता करत उत्तरेला वळसा घालायची गरजच काय? पुस्तकात कारण होतं, पण आमच्या गळी उतरेना. मागं एक मेंढपाळ काका चहा पीत उभे होते, त्यांनी उभ्या जन्मात पुस्तक धरलेलं नाही. ते पुढं आले आणि दक्षिणेचे खडू उचलून उत्तरेला ठेवले. "इकून कडा हाय. तिकून पठार किल्ल्याले लागते. गाडं तिकूनच जाईन." मेंढ्या घेऊन ते तिथं फिरलेले. आता ते दर बैठकीला येतात, वाचत नाहीत, नकाशा तपासतात.

याच गडावर बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराची 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी आहे. आमचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा फोनवर शब्दकोश उघडा ठेवून ती वाचत होता. नायक शार्प काल्पनिक, पण शिडी लावून आतल्या तटावर चढणारी कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी खरी, आणि शेवटपर्यंत लढून पडलेला किल्लेदार बेनीसिंग खरा. त्यावरून दोन बैठका वाद झाला : गोऱ्या शिपायाच्या नजरेनं आपला गड का वाचावा? माझं मत विचाराल तर वाचावा. फक्त शेजारी इतिहासाचं पुस्तक उघडं ठेवावं.

आता सापळा. लढायांवर बोलणं चार मिनिटांत "आमचे विरुद्ध तुमचे" होतं. आमच्याकडे एकदा पानिपतावरून दोघांनी महिनाभर रामराम सोडला होता. तेव्हापासून नियम आहे : दावा करणाऱ्यानं पुस्तक आणि पान सांगायचं. मोबाइलवर आलेला मजकूर हे पान नव्हे. "असं म्हणतात" हेही पान नव्हे. पानिपताबद्दल पान हवं असेल तर त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' शोधा. कादंबरी वाचून आलेल्या माणसाला ते सुरुवातीला कोरडं वाटेल, पण धीर धरा.

७. रहस्य, भय, विज्ञान : लाजू नका, शेवट फोडू नका

कंडक्टरभाऊ चार बैठका नुसते ऐकत बसले. पाचव्या वेळी पिशवीतून बाबुराव अर्नाळकर काढले, तेही उलटे धरून, कव्हर दिसू नये म्हणून. अर्नाळकरांनी १००० हून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू यांच्यापायी आपल्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी जणांना वाचनाची चटक लागली. ते उघड सांगायची लाज कसली? लढाईचा ग्रंथ वाचणाऱ्यानं रहस्यकथावाल्याकडे बघून हसायचं नाही, असं आम्हाला एकदा स्पष्ट बोलावं लागलं. हसणारा मीच होतो.

विज्ञानकथेला गावात गिऱ्हाईक नाही असं समजू नका. जयंत नारळीकरांची एक हकिकत सांगा, पोरं लगेच कान टवकारतात. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं.

इथला नियम एकच, शेवट फोडायचा नाही. फोडला तर पुढच्या बैठकीचा चहा फोडणाऱ्याकडे. फौजी काकांनी आतापर्यंत चार वेळा पाजलाय, आणि मला तर संशय आहे की त्यांना चहा पाजायचाच असतो.

८. पुस्तकं आणायची कुठून

आधी जवळचं शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय गाठा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. लहान गावातलं बहुधा ड वर्गाचं, एका खोलीचं. तिथं नाक मुरडू नका. सभासद व्हायला बहुतेक ठिकाणी आधारची प्रत, दोन फोटो, अनामत आणि वर्गणी एवढंच लागतं. अनामतीची पावती जपून ठेवा, सोडताना पैसे तिच्यावरच मिळतात. एकाच वेळी तिघांनी सभासद व्हा, म्हणजे बैठकीला तीन पुस्तकं फिरती राहतात. आणि ग्रंथपालाशी ओळख करा. कपाटात खालच्या खणात, गठ्ठ्याच्या मागं काय आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

दिवाळी अंक दिवाळीनंतर महिनाभरानं रद्दीत येतात, तेव्हा किलोवर घ्या. नवीन पुस्तक मागवलं तर पार्सल उघडल्यावर पानं उलटून बघा. आमच्या एका पुस्तकात सोळा पानं दोनदा होती आणि पुढची सोळा गायब. विकणाऱ्यानं बदलून दिलं नाही, कारण आम्ही ते महिन्यानं उघडलं होतं.

गटात फुकट पीडीएफ टाकणारा एक जण प्रत्येक गावात असतो. मनानं चांगला असतो. त्याला सांगा की भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि त्याच्या आतलं पुस्तक असं वाटणं ही चोरीच. पण ज्यांची मुदत संपली ती वाटायला मोकळी आहेत. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले. तानाजीच्या सिंहगडावरची त्यांची 'गड आला पण सिंह गेला' बिनघोर वाटा. अशी जुनी पुस्तकं इंटरनेटवर मराठी विकिस्रोत या खुल्या ग्रंथसंग्रहात शोधून बघा.

९. उसनवारीची वही

वही नसेल तर दिलेलं पुस्तक परत येत नाही. वाईट हेतू नसतो. सासरी जातं, वावरातल्या झोपडीत राहतं, एक तर आमचं फवारणीच्या पंपाच्या खोक्यात सापडलं. वहीत चार रकाने : पुस्तक, मालक, नेणारा, तारीख. परत यायची तारीख लिहीत नाही, ती लिहिली की लोक न्यायला घाबरतात. महिना झाला की मी विचारतो, "कुठवर आलं?" माणूस समजतो.

देण्याआधी खाकी कव्हर घाला. कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवतात, आम्हीही ठेवतो, पण खरं काम करते ती हालचाल. महिन्यातून एकदा पुस्तकं बाहेर काढून झटका. मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. उधई, म्हणजे वाळवी, एका पावसाळ्यात अख्खा खण खाते, आणि वरून कव्हरं जशीच्या तशी दिसतात.

१०. खंड पडणार

सोयाबीन सोंगणीला आला की बैठक बंद. मग कापूस वेचायचा, मग तूर. पहिल्या वर्षी मी या दिवसांत फोन करकरून माणसं गोळा केली आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता फळ्यावर सरळ लिहितो, "कापूस घरात आल्यावर भेटू."

पुन्हा सुरू करताना नव्या पुस्तकानं करू नका, कुणाचं काही वाचून झालेलं नसतं. आम्ही एक जुनी रहस्यकथा त्यासाठी राखून ठेवली आहे. रद्दीतून आलेली, कव्हर नाही, लेखकाचं नाव नाही, आणि शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली. खून झालाय वाड्यात, दार आतून बंद. आतापर्यंत अकरा जणांनी ती वाचली. तुरी निघाल्या की पहिल्या बैठकीला प्रत्येकानं आपला खुनी वहीत लिहायचा. वहिनींच्या मते मुनीम. कंडक्टरभाऊ म्हणतात वकील, कारण तो दुसऱ्या प्रकरणात उगाचच छत्री विसरतो. मेंढपाळ काकांना मी ती वाचून दाखवली, तर त्यांनी आधी वाड्याचा नकाशा काढायला लावला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दार आतून बंद नव्हतंच. खोटं बोलून रायला तो नोकर."